प्रोजेक्ट कसा चालवायचा: नागपूरच्या उद्योजकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिंगणा, बुटीबोरी आणि कळमेश्वरच्या एमआयडीसीतले कारखानदार, मिहानमधल्या आयटी कंपन्यांचे टीम लीड, इतवारीतले व्यापारी आणि सरकारी कामं घेणारे ठेकेदार हे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात. कामं वेगवेगळी असली तरी अडचण बहुतेक वेळा एकच असते. साइटवर माणसं तयार असतात, माल आलेला असतो आणि कोणाचा तरी होकार आलेला नसतो. म्हणून खालच्या बऱ्याच उत्तरांत ‘हे कोण ठरवणार आणि कधीपर्यंत’ हा मुद्दा येईल. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागली की तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. उदाहरणांतल्या रकमा आणि आठवडे हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत.

१. आमच्याकडे रोजच काम चालू असतं. मग एखाद्या कामाला वेगळा ‘प्रोजेक्ट’ कशाला म्हणायचं?

ज्या कामाला सुरुवात आणि शेवट आहे, ठरलेला पैसा आहे आणि जे त्याच रूपात पुन्हा करायचं नाही, तो प्रोजेक्ट. रोज ब्रॅकेट काढणं हे उत्पादन. नवी पेंट लाइन बसवणं हा प्रोजेक्ट. रोजच्या कामातली चूक उद्याच्या पाळीत सुधारता येते, पण चुकीच्या जागी ओतलेलं फाउंडेशन फोडावंच लागतं. शिवाय रोजचं काम करणारी माणसंच प्रोजेक्टला लावली, तर डिस्पॅच अडला की ती आधी तिकडे धावतात. त्यात त्यांचं काही चुकत नाही. म्हणून प्रोजेक्टसाठी कोणाचे आठवड्याला किती तास, हे सुरुवातीलाच ठरवून घ्या.

२. आमचं युनिट तीस माणसांचं आहे. मालक स्वतः सगळं बघतात. वेगळा प्रोजेक्ट मॅनेजर ठेवायची गरज आहे का?

पगारावर नवा माणूस ठेवायची गरज बहुधा नसते. पण प्रोजेक्ट एकाच नावावर असला पाहिजे, आणि ते नाव शक्यतो मालकाचं नसावं. मालकाकडे बँक असते, मोठे ग्राहक असतात, लग्नकार्यं असतात. तो दोन दिवस पुण्याला गेला की साइटवरचा साधा प्रश्नही दोन दिवस पडून राहतो.

मधला मार्ग असा. तुमचा मेंटेनन्स इंजिनिअर किंवा अनुभवी सुपरवायझर निवडा आणि त्याला अधिकार लेखी द्या. समजा, २५ हजारांपर्यंतची खरेदी तो स्वतः करेल, दोन लाखांपर्यंत अकाउंट्सला कळवून करेल, त्यापुढे मालकाची सही. मालकानं किती वेळात उत्तर द्यायचं हेही त्याच कागदावर येऊ द्या. चोवीस तासांत उत्तर आलं नाही तर मॅनेजरनं काय करायचं, तेही लिहा. हा शेवटचा भाग सगळे टाळतात आणि नेमकं तिथेच काम अडतं. अधिकार दिला नाही तर तो माणूस निरोप्या होतो आणि चुकीचं खापर मात्र त्याच्यावर फुटतं.

३. सुरुवातीला कागदावर काय काय असायला हवं? आमच्याकडे कोटेशन आणि पीओ (परचेस ऑर्डर) असतं, ते पुरे नाही का?

पीओ व्हेंडरसाठी असते. तुमच्या स्वतःच्या कंपनीसाठी एक पानाचा कागद वेगळा हवा. त्यात पाच गोष्टी असाव्यात: काय तयार होणार, त्यात काय येत नाही, किती पैसा, कोणती तारीख आणि शेवटचा शब्द कोणाचा.

यातला ‘काय येत नाही’ हा भाग मी सगळ्यांत आधी वाचतो. शेड बांधायचं ठरलं, पण आतला क्रेन गर्डर त्यात आहे का? कंपाउंड वॉल, पावसाचं पाणी नेणारी नाली, मशीनखालचे फाउंडेशन बोल्ट? सॉफ्टवेअर असेल तर टॅलीतला जुना डेटा कोण साफ करणार? प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं उत्तर असतं आणि सगळ्यांना आपलं उत्तर इतकं उघड वाटतं की कोणी विचारत नाही. हे पान मालक, मॅनेजर, अकाउंट्स आणि मुख्य ठेकेदार यांनी एकाच टेबलावर बसून वाचावं आणि सही करावी. अर्धा तास लागतो.

४. वेळापत्रक करायला महागडं सॉफ्टवेअर लागतं का? एक्सेलमधला बारचार्ट चालेल?

चालेल. अट एकच: कोणतं काम कोणत्या कामावर अवलंबून आहे, हे त्यात दिसलं पाहिजे. नुसत्या रंगीत पट्ट्या काढून उपयोग नाही.

बुटीबोरीतलं एखादं तयार स्टीलचं शेड घेऊ, म्हणजे पीईबी. ड्रॉइंग मंजुरीला २ आठवडे, कारखान्यात स्टील तयार व्हायला ८, उभारणीला ३, पत्र्यांना २. झाले १५ आठवडे. दुसरीकडे ड्रॉइंगनंतर खोदाई २ आणि फाउंडेशन व अँकर बोल्ट ४, म्हणजे आठव्या आठवड्यात जमिनीतलं काम संपतं. स्टील दहाव्या आठवड्याच्या शेवटी येणार, म्हणजे फाउंडेशनकडे दोन आठवड्यांची ढील आहे. आता ट्रान्सफॉर्मर बघा. ऑर्डरपासून डिलिव्हरी १४ आठवडे, बसवणं, टेस्टिंग आणि विद्युत निरीक्षकांची मंजुरी आणखी ३. ऑर्डर पहिल्याच दिवशी दिली तरी १७ आठवडे. म्हणजे सगळे जण रोज फाउंडेशनवर उभे राहून घाई करतात आणि तारीख ठरवतो ट्रान्सफॉर्मर, ज्याची पीओ अजून मालकाच्या टेबलावर आहे.

सर्वांत लांब साखळी शोधण्याच्या या पद्धतीला क्रिटिकल पाथ म्हणतात. १९५०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत ड्यूपॉन्ट या रसायन कंपनीच्या प्लांटच्या कामांसाठी ती तयार झाली. आज ती कागद-पेन्सिलीनंही करता येते. साखळीतल्या कामांना लाल रंग द्या आणि रोजचा पहिला फोन त्यांच्यासाठी करा. बाकीच्यांना थोडा उशीर झाला तर आरडाओरडा नको.

५. नागपूरचं ऊन, पाऊस आणि सणवार वेळापत्रकात किती धरायचे?

जितके असतात तितके धरा. मुंबई-पुण्याच्या सल्लागाराचं वेळापत्रक इथे पहिल्यांदा फसतं ते याच ठिकाणी.

मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. दुपारी बारा ते चार उघड्यावर काम करवून घेणं माणुसकीलाही धरून नाही आणि फायद्याचंही नाही. पाळी सकाळी सहाला सुरू करा, दुपारी थांबवा, हवं तर संध्याकाळी दोन तास घ्या. पाणी, सावली आणि ओआरएसचा खर्च बजेटमध्ये वेगळ्या ओळीत दाखवा, नाहीतर तो पहिल्याच आठवड्यात छाटला जातो. काँक्रीटसाठी तर भारतीय मानक आयएस ७८६१ आहे. हवेचं तापमान ४० अंशांच्या वर असताना ओतायच्या काँक्रीटला त्यात वेगळी काळजी सांगितली आहे. साध्या भाषेत सांगायचं तर खडी सावलीत ठेवा, पाणी गार वापरा, ओतायचं काम पहाटे किंवा रात्री करा आणि क्युरिंगला (काँक्रीट पाण्यानं ओलं ठेवण्याला) एक तासही खंड पडू देऊ नका. टँकर नक्की कोण मागवणार, हे नाव आधी ठरवा.

पाऊस साधारण जूनच्या मध्यावर येतो. आपल्याकडची काळी माती एकदा भिजली की खड्ड्यात जेसीबी रुततो आणि बाजू ढासळतात. म्हणून जमिनीतलं काम जूनआधी प्लिंथपर्यंत (जोत्यापर्यंत) आणायचं, नाहीतर सरळ पावसाळ्यानंतर धरायचं. जूनच्या पहिल्या आठवड्यात खोदाई सुरू करणाऱ्यांना मी नेहमी थांबायला सांगतो.

सणांचं गणित मजूर कुठला यावर आहे. छत्तीसगड आणि बालाघाट-शिवनीकडचे लोक होळीला आणि धानाच्या कापणीला जातात, बिहारचे छठला. दिवाळीचा आठवडा कोणाच्याच हातात नसतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीमुळे महाल-इतवारी भागात ट्रक आत नेता येत नाही. दसऱ्याला दीक्षाभूमीवर देशभरातून लोक येतात, तेव्हा शहरातली वाहतूक आणि मुक्कामाच्या खोल्या दोन्ही भरलेल्या असतात. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असतं. त्या काळात सरकारी अधिकारी अधिवेशनाच्या कामात अडकलेले, रस्त्यांवर मोर्चे आणि बाहेरगावच्या इंजिनिअरला हॉटेलही मिळत नाही. मशीनच्या कमिशनिंगला जर्मनीचा किंवा चेन्नईचा माणूस येणार असेल तर त्या आठवड्यात बोलावू नका.

६. आमचा खर्चाचा अंदाज दर वेळी कमी का पडतो? भाव तर बाजारातून काढलेले असतात.

भाव सहसा बरोबर असतात, यादी अपुरी असते. दिसणाऱ्या गोष्टींचे दर आपण पैशापर्यंत काढतो आणि न दिसणाऱ्या गोष्टी यादीतच येत नाहीत: वाहतूक, उतराई, क्रेनचं भाडं, टेस्टिंग, तात्पुरती वीज, इन्शुरन्स, ट्रायलमध्ये वाया जाणारा माल, प्रोजेक्ट लांबला तर बँकेचं व्याज.

विदर्भातलं सर्वांत मोठं उदाहरण गोसीखुर्दचं. १९८३ मध्ये या धरणाचा अंदाज ३७२ कोटींचा होता, १९८८ मध्ये पायाभरणी झाली आणि सुधारित खर्च १८ हजार कोटींच्या वर गेला. महागाई त्यात आहेच. पण जमीन, पुनर्वसन, कालवे आणि वर्षानुवर्षांचा उशीर यांचाही वाटा मोठा आहे. आपल्या कामाचा आकार लहान, पण क्रम तोच असतो. आधी यादी अपुरी असते, मग उशीर होतो आणि उशिराचाही पुन्हा खर्च लागतो.

उपाय म्हणून मागच्या तीन कामांची शेवटची बिलं काढा आणि मूळ अंदाजाशी ओळीनं ओळ ताडून बघा. जी ओळ मूळ अंदाजात नव्हतीच, ती पुढच्या यादीत कायमची घाला. बाहेरच्या कोणत्याही टक्केवारीपेक्षा हा तुमचा स्वतःचा इतिहास जास्त खरा असतो.

७. राखीव रक्कम उघड दाखवली की साहेब ती कापतात. मग प्रत्येक आयटममध्ये थोडी थोडी वाढवून ठेवू का?

नको. लपवलेली रक्कम त्या त्या आयटमवर खर्च होऊन जाते आणि खरी गरज पडते तेव्हा हातात काहीच नसतं. उघड दाखवा, पण ‘दहा टक्के किरकोळ’ असं लिहू नका. नावानिशी लिहा: खडक लागला तर ब्रेकरचे अमुक, स्टीलचा भाव वाढला तर तमुक, पावसानं दोन आठवडे गेले तर एवढे. कारण लिहिलेलं असलं की कापणाऱ्यालाही ती जोखीम आपल्या सहीनं स्वीकारावी लागते. आणि ही रक्कम वापरायची परवानगी कोण देणार, ते प्रश्न २ मधल्या अधिकारांच्या कागदातच लिहून ठेवा.

८. सुपरवायझर महिनाभर ‘नव्वद टक्के झालं’ म्हणतो. खरं किती झालं हे कसं ओळखायचं?

टक्के विचारणं बंद करा, मोजता येईल असं विचारा. साइटवर “किती झालं?” म्हटलं की उत्तर येतं, “होऊन राहिलं साहेब, दोन दिवसांत करून टाकतो.” तो खोटं बोलत नसतो, त्याला मनापासून तसं वाटत असतं. त्याऐवजी विचारा: चाळीस कॉलमपैकी उभे किती? सव्वीस. ओळंब्यात आणून बोल्ट आवळलेले किती? अठरा. ग्राउटिंग झालेले? अकरा. आता त्याच्याही लक्षात येतं की नव्वद टक्के कुठेच नाही. अर्धवट कामाला शून्य धरायचं आणि पूर्ण झालं की शंभर, हा नियम कडक वाटतो. पण चार आठवड्यांत सगळ्यांना सवय होते.

पैशाचं मोजमाप त्याला जोडा. समजा, एकूण बजेट ८० लाख. आजपर्यंत ४० लाखांचं काम व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात ३० लाखांचं झालं आणि खर्च झाले ३६ लाख. नुसता खर्च बघणारा म्हणेल, चार लाख वाचले! खरं म्हणजे काम दहा लाखांनी मागे आहे आणि ३० लाखांच्या कामाला ३६ लाख गेले, म्हणजे रुपयामागे वीस पैसे जास्त. याच गतीनं गेलं तर ८० लाखांचं काम ९६ लाखांवर थांबेल. हा हिशेब महिन्यातून एकदा, एका पानावर मालकापुढे ठेवा. अर्नड व्हॅल्यू नावानं शिकवतात ते हेच.

९. दर आठवड्याच्या मीटिंगमध्ये दोन तास जातात आणि निघत काही नाही. काय करू?

मीटिंग साइटवर उभ्याउभ्या घ्या, वीस मिनिटं. तीनच प्रश्न: मागच्या आठवड्यात ठरलेलं झालं का, या आठवड्यात काय होणार आणि कोणाचा कोणता निर्णय अडला आहे. तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं नाव आणि तारखेसह लिहून त्याच दिवशी ग्रुपवर टाका. ज्याच्याकडे निर्णय आहे तो मीटिंगला नसेल तर तिथूनच त्याला फोन लावा. तांत्रिक वाद ज्या दोघांत असेल, त्यांच्यासोबत वेगळं बसून मिटवा.

१०. ग्राहक मध्येच ‘एवढं जरा करून द्या’ म्हणतो. नाही म्हटलं तर नातं बिघडतं, हो म्हटलं तर नुकसान. मार्ग काय?

नाही म्हणू नका. “करतो, किती पैसे आणि किती दिवस वाढतील ते संध्याकाळपर्यंत कळवतो,” असं म्हणा. मग चार ओळींचा मेल पाठवा: काय बदल, खर्च किती, तारीख किती पुढे जाणार, उत्तर कधीपर्यंत हवं. शेवटी लिहा की उत्तर येईपर्यंत मूळ ड्रॉइंगप्रमाणे काम चालू राहील. हे शेवटचं वाक्य सोडू नका, नाहीतर ग्राहक विचार करत असताना तुमची माणसं बसून राहतात.

फोनवर सांगितलेला बदलही चालतो, पण तो लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा आणि समोरच्याचा ‘ओके’ घ्या. एखादा लहान बदल फुकट करून द्यायचा असेल तर जरूर द्या. तोही शून्य रुपये लिहून नोंदवा. असे पाच-सहा शून्य जमले की सातव्या वेळी बोलायला तुमच्या हातात कागद असतो. तारीख वाढवून मागायला विसरू नका. पैसे सगळे मागतात, दिवस कोणी मागत नाही आणि शेवटी उशिराचा दंड तुमच्याच बिलातून कापला जातो.

११. काम वेळेत दिलं, पण मोठ्या कंपनीकडून पैसे येत नाहीत. आम्ही काय करू शकतो?

तुमचं युनिट सूक्ष्म किंवा लघु असेल आणि उद्यम नोंदणी असेल, तर सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीचा २००६चा एमएसएमईडी कायदा तुमच्या बाजूनं आहे. लेखी करार असला तरी पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. करारात मुदतच नसेल तर १५ दिवसांत. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दर महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत ग्राहकानं लेखी हरकत घेतली नाही, तर तो स्वीकारला असं धरलं जातं. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून मुदतीत न दिलेल्या अशा रकमेची आयकरातली वजावट ग्राहकाला प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी मिळते. त्यामुळे मार्च जवळ आला की मोठ्या कंपन्यांचे अकाउंट्सवाले स्वतः फोन करू लागले आहेत. तरीही पैसे आले नाहीत तर एमएसएमई मंत्रालयाच्या ऑनलाइन पोर्टलवरून फॅसिलिटेशन कौन्सिलकडे तक्रार करता येते.

अपवाद नीट बघा. मध्यम उद्योगांना हे संरक्षण नाही. निव्वळ व्यापार करणाऱ्यांची उद्यम नोंदणी होते, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. उशिराच्या व्याजाचा हक्क त्यातून मिळत नाही. माल आणि मजुरी एकत्र असलेल्या वर्क्स कॉन्ट्रॅक्टला हा कायदा लागतो का, यावर न्यायालयांचे निकाल एकसारखे नाहीत, तेव्हा ठेकेदारांनी वकिलाला विचारूनच पाऊल टाकावं. नोंदणी ऑर्डरच्या आधीची असू द्या आणि तिचा नंबर प्रत्येक बिलावर छापा.

पण कायदा हा शेवटचा उपाय. पैसे बहुतेक वेळा त्याआधीच अडकतात, कारण बिलासोबत मोजणीची सही नसते, टेस्ट सर्टिफिकेट राहिलेलं असतं किंवा पीओचा नंबर जुना असतो. ग्राहकाच्या अकाउंट्समध्ये बिल तपासणारी व्यक्ती कोण, हे काम सुरू होतानाच विचारून घ्या आणि तिला हवी असलेली कागदांची यादी भिंतीवर लावा.

१२. सरकारी काम घेतलंय. जागा रिकामी करून दिली नाही म्हणून उशीर झाला, पण दंड आमच्यावर. कसं वाचायचं?

हिंडरन्स रजिस्टर रोज भरा. कोणत्या तारखेला काय अडलं, कशामुळे, कधी मोकळं झालं, आणि त्यावर विभागाच्या इंजिनिअरची सही. सही मिळत नसेल तर त्याच दिवशी ईमेल करा आणि पत्राची पोच घ्या. मुदतवाढीचा अर्ज मुदत संपण्यापूर्वी गेला पाहिजे. संपल्यावर केलेल्या अर्जाला फारसं वजन राहत नाही. रनिंग बिलांसाठी मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदी वेळच्या वेळी करून घ्या. जमिनीखाली गाडलेल्या कामाची मोजणी नंतर कोणी करून देत नाही. रिटेन्शनची (बिलातून राखून ठेवलेली) रक्कम दोषदायित्वाचा काळ, म्हणजे दोष दुरुस्त करून देण्याची मुदत, संपल्यावरच सुटते, ती तारीख आजच कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा.

१३. परवानग्यांचं काम एजंटकडे दिलंय. ते वेळापत्रकात दाखवायचं का?

दाखवायचंच, आणि एजंट असला तरी तुमच्या एका माणसाचं नाव त्यापुढे हवं. कारखान्यासाठी साधारण क्रम असा: एमआयडीसीकडून बांधकामाचा नकाशा मंजूर, अग्निशमनची एनओसी, प्रदूषण नियंत्रण मंडळाची बांधकामाआधीची संमती, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडून कारखान्याचा नकाशा, महावितरणचं कनेक्शन आणि शेवटी उत्पादन सुरू करण्याची संमती. प्रदूषण मंडळाकडे तुमचा उद्योग लाल, नारिंगी, हिरव्या की पांढऱ्या वर्गात येतो हे जागा घेण्याआधीच बघा, कारण वेळ आणि फी त्यावर ठरते. राज्याचं मैत्री पोर्टल अर्जांसाठी एक खिडकी देतं, पण अर्जाला आलेल्या क्वेरीचं उत्तर तुम्हालाच द्यायचं असतं. फाइल अडते ती बहुधा तिथेच: क्वेरी एजंटच्या ईमेलवर येऊन पडलेली असते आणि इकडे आपण ऑफिसला दोष देत असतो. पोर्टलचा लॉगिन स्वतःच्या ईमेलवर ठेवा.

१४. प्रोजेक्ट मागे पडलाय. माणसं दुप्पट लावली तर भरून निघेल का?

खोदाई, रंगकाम, भराई अशा कामांत बऱ्यापैकी निघेल, तेही ती लांब साखळीत असतील तरच (प्रश्न ४). साखळीबाहेरच्या कामाला माणसं वाढवून फक्त खर्च वाढतो. पॅनल वायरिंग, प्रोग्रामिंग, मशीन अलाइनमेंट यांत नवा माणूस आला की जुना माणूस त्याला समजावण्यात गुंततो आणि पहिले काही आठवडे गती उलट कमी होते. माणसं वाढवण्याआधी अडलेल्या निर्णयांची यादी बघा; ती साफ केली की बराच उशीर फुकटात कमी होतो. त्यानंतरही कमी पडलं तर ग्राहकाला विचारा, सगळं एकदम हवंय की अर्धी लाइन आधी चालेल? टप्प्यानं देण्याला होकार अपेक्षेपेक्षा जास्त वेळा मिळतो.

१५. आम्ही मिहानमध्ये आहोत. प्रोजेक्टच्या मध्यावर मुख्य डेव्हलपर पुणे किंवा हैदराबादला निघून जातो. यावर काही उपाय?

त्याला अडवता येत नाही, आणि नोटीस पिरियड लांबवून कडवटपणा वाढवूही नये. प्रत्येक महत्त्वाच्या भागाला दुसरं नाव हवं, आणि ते फक्त कागदावर नको. त्या दुसऱ्या माणसानं महिन्यातून एकदा तो भाग स्वतः सर्व्हरवर चढवून (डिप्लॉय करून) दाखवावा. पासवर्ड, सर्व्हर, ग्राहकाशी झालेले करार हे कोणाच्या खासगी मेलवर नसावेत. आणि ज्या मुलाला इथे आई-वडिलांजवळ राहायचं आहे, त्याच्याशी वर्षाच्या सुरुवातीलाच पगाराचं आणि जबाबदारीचं मोकळेपणानं बोला. राजीनामा आल्यावर केलेल्या बोलण्यानं बहुधा काही साधत नाही.

१६. ईआरपी (स्टॉक, खरेदी, हिशेब एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर) बसवतोय. व्हेंडर म्हणतो १ एप्रिलपासून सुरू करू, नवं वर्ष नवी सिस्टिम. बरोबर आहे का?

हिशेबाच्या दृष्टीनं सोयीचं वाटतं, पण मार्चमध्ये तुमच्या अकाउंट्सच्या माणसांना डोकं वर काढायला वेळ नसतो आणि एप्रिलमध्ये ते ऑडिटची तयारी करत असतात. ऑडिट आटोपल्यावरची एखादी तिमाही निवडा. निदान एक पूर्ण महिना जुनी आणि नवी सिस्टिम सोबत चालवा आणि तीन आकडे रोज जुळवा: स्टॉक, येणी, देणी. स्टॉक जुळला नाही तर सुरुवात पुढे ढकला. गोदामात दहा टन आणि स्क्रीनवर बारा टन असेल तर स्टोअरकीपर पहिल्या आठवड्यातच वही पुन्हा काढतो, आणि एकदा निघालेली वही मग बंद होत नाही.

१७. घरचा धंदा आहे. बाबा एक सांगतात, मोठे बाबा (थोरले काका) दुसरं. ठेकेदार दोघांचंही ऐकतो. मी मध्ये काय करू?

हा प्रश्न इतवारी आणि गांधीबागेतून सर्वांत जास्त येतो आणि त्याला हलक्यात घेऊ नये. ज्यांनी दुकान उभं केलं त्यांना तुम्ही ‘मध्ये बोलू नका’ म्हणू शकत नाही, म्हणूही नये. पण ठेकेदाराला एकाच तोंडातून सूचना गेली पाहिजे.

काम सुरू होण्याआधी दोघांना एकत्र बसवा आणि विषय वाटून घ्या. जागा, बांधकाम, देवघराची दिशा, माल उतरायची सोय याबाबतीत मोठे बाबा म्हणतील ते. पैसा, बँक, मशीनची निवड यात बाबांचा शब्द. दोन्हींत येणारी गोष्ट असेल तर संध्याकाळी घरी ठरेल, साइटवर नाही. ठेकेदाराला लेखी कळवा की सूचना फक्त तुमच्या मेसेजवरून येईल आणि मेसेज नसलेल्या कामाचं बिल होणार नाही. मोठे बाबा साइटवर काही सांगून गेले तर ठेकेदारानं “हो” म्हणावं आणि तुम्हाला फोन करावा. तुम्ही मग घरी जाऊन विचारा, “मोठे बाबा, शटर मागे घ्यायचं म्हणालात, का?” नव्वद टक्के वेळा त्यांच्याकडे खरं कारण असतं, चाळीस वर्षांच्या अनुभवातलं. ते ऐकून घेतलं की त्यांचा विरोध बराचसा मावळतो.

१८. अर्धा पैसा लागलाय, पण आता प्रोजेक्टमध्ये दम वाटत नाही. बंद करावा का?

लागलेला पैसा बाजूला ठेवून एकच गणित करा: इथून पुढे किती घालावे लागतील आणि त्यातून किती परत येईल. संत्र्याच्या प्रोसेसिंगचं युनिट असेल तर आंबिया आणि मृग दोन्ही बहारांतला माल मिळेल का, मधल्या महिन्यांत मशीन काय करेल, हेही त्यात धरा. उत्तर उणे येत असेल तर थांबा. हा निर्णय मॅनेजरवर सोपवू नका, त्याची नोकरी त्यात अडकलेली असते. बंद करायची अट सुरुवातीच्या कागदातच (प्रश्न ३) लिहिलेली असली तर हा दिवस खूप सोपा जातो.

१९. पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल) सर्टिफिकेट घेतलं तर फायदा होईल का?

आयटी, मोठे ईपीसी ठेके (डिझाइन, खरेदी, बांधकाम एकत्र) किंवा परदेशी ग्राहक असतील तर होईल. अमेरिकेतली पीएमआय ही संस्था ते देते. पदवीधराला प्रोजेक्ट चालवल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण लागतं. हिंगण्यात स्वतःचं फॅब्रिकेशन युनिट चालवणाऱ्यानं मात्र आधी प्रश्न ४ आणि ८ मधलं स्वतःच्या एका कामावर करून बघावं.

२०. ठेकेदार अर्ध्यातून काम सोडून गेला. फोनही उचलत नाही. दुसऱ्याला लगेच लावू का?

दोन दिवस थांबा आणि आधी मोजणी करा. पहिल्या ठेकेदाराला मोजणीची तारीख-वेळ कळवणारी नोटीस ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप आणि रजिस्टर्ड पोस्टानं पाठवा. तो आला नाही तर दोन त्रयस्थ साक्षीदार आणि तुमचा इंजिनिअर यांच्या समोर झालेलं काम, अर्धवट काम आणि साइटवर पडलेला माल यांचा पंचनामा करा. फोटोत तारीख दिसू द्या, टेप लावून मोजलेलं दिसू द्या. त्याचा मुकादम आणि मजूर अजून साइटवर असतील तर त्यांची मजुरी किती थकली आहे ते विचारून घ्या. बऱ्याचदा खरं कारण तिथेच कळतं, आणि थेट मजुरी देऊन ती ठेकेदाराच्या बिलातून वळती करण्याची लेखी समज झाली तर काम दुसऱ्या दिवशी सुरूही होतं.

तसं जमलं नाही तर वर्क ऑर्डरमधल्या अटीप्रमाणे ती रद्द केल्याचं पत्र द्या आणि मगच नवा माणूस आणा. पंचनाम्याची प्रत नव्या वर्क ऑर्डरला जोडा आणि जुन्या कामातल्या कोणत्या भागाची हमी तो घेतो व कोणत्या भागाची नाही, हे त्याच्याकडून पहिल्याच दिवशी लिहून घ्या.